हात लावण्याआधी

मावशींनी दोन्ही हात त्याच्या अंगापासून चार बोटांवर आणले आणि तसेच हवेत थांबवले.

"दोनेजेक," त्या म्हणाल्या.

खाटेवरचा माणूस छताकडे बघत होता. त्याने नकारार्थी मान हलवली. "दोनेजेक्सिन."

"हां, तेच. दोनेजेक्सिन. वळशील तू. आता कुशीवर वळशील."

"एवेत," तो म्हणाला. एवेत म्हणजे हो.

मग मावशींनी हात लावला. एक खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि त्याला अलगद उजव्या कुशीवर घेतलं. चादर ओढून सारखी केली, पाठ पुसली, पावडर लावली. तेवढ्यात मोठी सिस्टर पट्टी बदलायला आली. पट्टी बदलताना डावा पाय उचलून धरायचं काम मावशींचं. पायाजवळ जाऊन त्या पुन्हा थांबल्या.

"आजियाजाक," त्यांनी सांगितलं. दुखेल.

त्याने खाटेचा कठडा धरला. पाय उचलला तसं दुखलं. त्याच्या कपाळावरची शीर फुगली, पण तो ओरडला नाही.

"बितेजेक, बितेजेक," मावशी म्हणत राहिल्या. संपेल, संपेल. आणि पट्टी झाली तसं ते संपलंही.

शेजारच्या खाटेवर शिडीवरून पडलेला एक रंगारी होता. पायाला वजनं लटकवून त्याला महिनाभर आडवं ठेवलं होतं, त्यामुळे त्याच्या अंगातली सगळी हालचाल जिभेत उतरली होती. त्याला सगळे पेंटरच म्हणत.

"मावशी," पेंटर म्हणाला, "तुमचं ते जेक-जाक ऐकून ऐकून माझा मोडका खुबासुद्धा तुर्कीत कण्हायला लागलाय."

"कण्हू दे. निदान तुम्ही तरी गप्प बसाल."

वॉर्डात त्या तुर्की माणसाचं नाव पाशा पडलं होतं. तो लांब पल्ल्याचा मालट्रक चालवायचा. हमरस्त्याच्या एका वळणावर ट्रक उलटला आणि डावा पाय गुडघ्याखाली चिरडलेल्या अवस्थेत त्याला इथे आणलं. त्याची भाषा इथे कुणालाच येत नव्हती. डॉक्टर आपल्या फोनमध्ये बोलत, फोन तुर्कीत बोले, पाशा फोनला उत्तर देई, आणि फोन ते डॉक्टरांना सांगे. मोठ्या गोष्टींसाठी ते ठीक होतं. पण कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, भांडं द्यायचं, तेव्हा मावशींचे दोन्ही हात कामात असत. फोन धरायला तिसरा हात कुठून आणायचा?

आणि सांगितल्याशिवाय हात लावणं मावशींना जमत नव्हतं. त्या नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना ज्या थोरल्या बाईने काम शिकवलं, तिने पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली होती. हात लावण्याआधी सांगायचं, आणि जे सांगितलं तेच करायचं. दुखणार असेल तर दुखेल म्हणायचं. उगाच काही नाही होत, असं म्हणायचं नाही. पडून राहिलेल्या माणसाजवळ पुढच्या घटकेशिवाय दुसरं काही नसतं, ती तरी आपण लबाडीने घ्यायची नाही. थोरली बाई केव्हाच गेली. तिचं बोलणं मात्र मावशींच्या हातांत राहिलं होतं. बेशुद्ध माणसालासुद्धा त्या सांगायच्या, "आता तोंड पुसते हं." नवीन पोरी हसायच्या.

पाशा आला त्या दिवशी त्यांनी आपल्या भाषेत सांगितलं आणि त्याला वळवलं. तो दचकून असा ओरडला की मावशींचे हात भाजल्यासारखे मागे आले. नंतर त्या भांडी घासण्याच्या मोरीपाशी कितीतरी वेळ नळ सोडून उभ्या होत्या.

माणसं परकी भाषा शिकतात तेव्हा आधी नाव-गाव विचारायला शिकतात. मावशींना त्यातलं काही नको होतं. काय झालं, काय चाललंय, ते दोघांना दिसतच होतं. जे व्हायचंय तेवढं सांगता आलं की काम भागणार होतं.

त्याची सुरुवात पाण्याने झाली. पाशाने रिकामा पेला दाखवला. मावशींनी बोळातल्या पिंपाकडे बोट केलं, मग दोन बोटं खाटेच्या कडेवरून माणसासारखी चालवत त्याच्यापर्यंत आणली. म्हणजे, येतंय. त्याला ते कळलं. "सू गेलेजेक," तो म्हणाला. पाणी येईल. दुपारी डॉक्टरांसाठी मावशींनी तीच बोटं तशीच चालवली. "डॉक्टर गेलेजेक," पाशा म्हणाला. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की जे अजून व्हायचंय त्याला मागे जेक लागतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते शेपूट दिसेल त्या शब्दाला लावायला सुरुवात केली, तेव्हा अर्ध्या शब्दांना ते बसेना. पाशाने त्यांना स्वतःच्या तोंडाकडे बघायला लावलं. ओठ फाकवून बोलायचे शब्द, त्यांना जेक. जबडा खाली सोडून बोलायचे शब्द, त्यांना जाक. गेलेजेक. बाकाजाक, म्हणजे बघेल. मावशी बादली घेऊन बोळातून जाताना तोंड एकदा फाकवत, एकदा उघडत. समोरून येणारे बाजूला होत.

'मी' आला की आणखी एक गंमत व्हायची. शेवटचा क विरघळून जायचा. मी येईन म्हणजे गेलेजेइम. मावशी तो क सोडायला तयार नसत. "बेन गेलेजेक," त्या ठासून म्हणत. मी येईल. पाशा डोळे मिटून घ्यायचा, एखाद्याने गिअर खरडल्यावर ड्रायव्हरने मिटावेत तसे.

काही शब्द आधीपासून घरचेच निघाले. साबणाला तो साबुन म्हणे, हवेला हवा, पडद्याला पेर्दे. आणि मावशींना तो हाक मारायचा ती 'तेयझे' अशी. मोठ्या सिस्टरने एकदा फोनला विचारलं, तर तेयझे म्हणजे आईची बहीण.

"म्हणजे मावशीच की!" पेंटर म्हणाला. "घ्या. तिकडे गेलात तरी सुटका नाही. तिथेही बादली तुमच्याच हातात."

एकदा मात्र चूक झाली. मावशींची पाळी दुपारी संपायची. निघताना त्या प्रत्येक खाटेपाशी "येते हं" म्हणत. घरातून काय, वॉर्डातून काय, कुणी 'जाते' म्हणून जातं का? त्या दिवशी त्यांना वाटलं, पाशाला त्याच्याच भाषेत सांगावं. त्याने सांगितला होता तसा, क विरघळवून, त्या म्हणाल्या, "गेलेजेइम." आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाशा त्यांच्याकडे बघेना. पाठ पुसून घेतली, पण दोनेजेक चुकलं तरी दुरुस्त केलं नाही.

"काय झालं याला?" मावशींनी विचारलं.

"तुम्हीच विचारा," पेंटर म्हणाला. "काल संध्याकाळी जेवण आलं तर हात लावेना. दाराकडे बोट दाखवून सारखं तेयझे, तेयझे. तुम्ही येणार होतात म्हणे. शेवटी ताट तसंच परत गेलं."

मावशी स्टुलावर बसल्या. जरा वेळाने त्यांनी स्वतःच्या कानाची पाळी धरली. पाशाने ते पाहिलं आणि तोंड फिरवून हसू दाबलं. मग 'उद्या'चा शब्द त्याने त्यांच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतला. यारिन. यारिन गेलेजेइम. उद्या येईन. पण मावशींच्या मनात ते परत गेलेलं ताट राहिलं. आपण जाता जाता टाकलेला शब्द या माणसाने संध्याकाळपर्यंत दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

वॉर्डातल्या बाकीच्यांना त्याच्या भाषेतला एकच शब्द येत होता.

ट्रकमध्ये पाशाबरोबर दुसरा एक ड्रायव्हर होता. आळीपाळीने चालवायचे दोघं. पाशा त्याला कार्देशिम म्हणे. सुरुवातीला सगळ्यांना ते नाव वाटलं, मग कळलं की त्याचा अर्थ माझा भाऊ. सख्खा की मानलेला, ते काही कळलं नाही. तो भाऊ वळणावरच गेला होता. त्याला इस्पितळात आणलं तेही फक्त कागदापुरतं. मावशींना हे रुग्णवाहिकेवरच्या माणसाने त्याच दिवशी सांगितलं होतं.

पाशाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा रक्तदाब सारखा वर जात होता आणि पायाचं मोठं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन होईपर्यंत नको. धक्का बसला तर भूल देता यायची नाही. ट्रकच्या कंपनीच्या माणसाने त्याच्या बायकोलाही तसंच बजावलं. ती रोज दुपारी मोठ्या सिस्टरच्या फोनवर बोलायची. पाशा रोज शेवटी तेच विचारायचा, "कार्देशिम गेलेजेक मी?" माझा भाऊ येईल का? आणि बायको सांगायची, "गेलेजेक, गेलेजेक." तिच्या आवाजातला उत्साह जरा जास्तच असायचा.

तिथूनच तो शब्द वॉर्डभर पसरला. येईल. उच्चारायला सोपा, द्यायला फुकट. मोठी सिस्टर गोळ्या देताना म्हणायची, "गेलेजेक, पाशा!" जेवणाची गाडी ढकलणारा म्हणायचा. झाडूवाली म्हणायची. पेंटर तर सकाळी डोळे उघडल्या उघडल्या पडद्यापलीकडे ओरडायचा, "कार्देश गेलेजेक!" कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. एका अडकलेल्या माणसाला त्याच्या भाषेत काहीतरी चांगलं म्हणता येतंय, याचाच सगळ्यांना आनंद होता. पाशा प्रत्येकाला छातीला हात लावून मान झुकवायचा.

मावशींना मात्र नेमकं त्याच वेळी काहीतरी काम निघायचं. बादली भरायची असायची, खिडकी लावायची असायची.

पायात पू व्हायला लागला तसं डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस अलीकडे ओढला. उद्या सकाळी. फोनने पाशाला सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि मग फोनला म्हणाला, ओन्जे कार्देशिम, सोन्रा ऑपरेशन. ओन्जे म्हणजे आधी, सोन्रा म्हणजे नंतर. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. बायकोने फोनवर रडून सांगितलं. त्याने खाटेचा कठडा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले. सहीचा कागद उशाशी तसाच राहिला.

दुपारी मोठ्या सिस्टरने मावशींना कपाटाच्या खोलीत बोलावलं.

"उद्या नाही झालं तर पाय काढावा लागेल," ती म्हणाली. "कदाचित तेवढ्यावरही भागणार नाही."

मावशी पदराला हात पुसत राहिल्या. हात कोरडेच होते.

"आम्ही सगळे सांगतोय येईल म्हणून. आता पटत नाही त्याला. पण तुमच्यावर त्याचा भरवसा आहे. तुम्ही दुखेल म्हणालात की दुखतं, संपेल म्हणालात की संपतं. तुम्ही एकदा म्हणा, मावशी. ऑपरेशनच्या आधी येणार नाही, पण नंतर येईल. एवढंच."

"मी म्हटलं की ते व्हावं लागतं, सिस्टर."

"मला कळतं. मला काय खोटं बोलायची हौस आहे? पण हे खोटं नाही धरायचं, औषध धरायचं. शुद्धीवर आला की मी स्वतः त्याच्याजवळ बसून सांगेन. शिव्या घालायच्या त्या मला घालेल. निदान दोन पायांवर उभा राहून घालेल."

मोठ्या सिस्टरचे डोळे सुजलेले होते. सलग दोन पाळ्या झाल्या होत्या तिच्या. मावशींनी कपाटातली एक घडी विस्कटलेली चादर काढली, पुन्हा घातली.

"बघते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी घरी सुनेने दोरीवरचे कपडे काढून आणले आणि दोघी घड्या घालायला बसल्या. मावशी मध्येच ओठ हलवत होत्या.

"आई, जरा आपल्या नळालाही सांगून ठेवा तुर्कीत," सून म्हणाली. "सू गेलेजेक म्हणून. आमचं तर तो ऐकत नाही."

मावशी हसल्या नाहीत, तसं सुनेने हातातला सदरा मांडीवर ठेवला. मग मावशींनी तिला सगळं सांगितलं. सून ऐकताना बोटाने सदऱ्याच्या बटणाशी खेळत होती.

"एक शब्द तर आहे," ती जपून म्हणाली. "माणसाचा पाय वाचतोय."

"वाचतोय."

"मग अडतंय कुठे?"

"ऑपरेशन होईल. बरं होईल," मावशी म्हणाल्या. "मग शुद्धीवर येईल आणि दाराकडे बघत बसेल. तेव्हा मी त्याला पाणी घेऊन जाईन आणि म्हणेन, सू गेलेजेक. तेव्हा तो माझ्याकडे कसा बघेल?"

"आणि नाही म्हणालात तर?"

मावशींनी घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि परत घालायला घेतला. "तर पाय जाईल."

सुनेने मांडीवरच्या सदऱ्याची घडी घातली. मग ती म्हणाली, "तुमच्या जागी मी असते ना, तर म्हणून टाकलं असतं. आणि मग त्या वॉर्डाकडे फिरकलेच नसते."

"हो ना," मावशी म्हणाल्या. "पण तिथे उद्याही पाळी माझीच आहे."

सकाळी त्या नेहमीपेक्षा लवकर पोचल्या. पाशाला ऑपरेशनचा हिरवा अंगरखा आणून ठेवला होता, तो त्याने घातला नव्हता. तो कठडा धरून पडला होता. रात्रभर झोप नव्हती हे चेहऱ्यावरून दिसत होतं. मोठी सिस्टर आपल्या टेबलापाशी उभी होती. तिने मावशींकडे पाहिलं आणि लगेच समोरच्या कागदांत डोकं घातलं.

मावशींनी स्टूल खाटेजवळ ओढलं. बादली आणली नव्हती, टॉवेल नव्हता. हात रिकामे घेऊन त्या या खाटेपाशी पहिल्यांदाच बसत होत्या.

"तेयझे," पाशा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "कार्देशिम गेलेजेक मी?"

हा प्रश्न त्याने त्यांना आजवर सरळ कधीच विचारला नव्हता. दुसऱ्या सगळ्यांना विचारला होता.

मावशींनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. आठवडाभर सगळ्या वॉर्डाने त्यांच्या कानात तो ओतला होता. त्यांनी ओठ फाकवलेही. मग ते मिटले.

पलीकडून पेंटरने पडद्याची कड बाजूला सारली. "सांगा हो, मावशी! गेलेजेक, पाशा, गेलेजेक! काळजी करायची नाही!"

पाशाने त्याच्याकडे न वळता, छातीला हात लावून मान झुकवली. नजर मावशींवरच होती.

"बेन," मावशी म्हणाल्या आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी. दोन बोटं चादरीवरून चालवत त्यांनी खाटेच्या टोकापर्यंत नेली, तिथून दाराच्या, ऑपरेशनच्या खोलीच्या दिशेने. दोन्ही हात गालाखाली घेऊन डोळे मिटले. डोळे उघडले, आणि त्या बसल्या होत्या त्या स्टुलावर हाताने थोपटलं. तू जाशील, झोपशील, जागा होशील, तेव्हा इथे. "बेन गेलेजेइम."

मी येईन. एवढंच एक त्यांना देता येण्याजोगं होतं.

पडद्याच्या कड्या वाऱ्याने वाजत होत्या. मग पाशाने कठड्यावरचा एक हात सोडवला, आणि बोटांवर एक एक मोजावं तसं तो दाखवत गेला. पेंटरच्या पडद्याकडे बोट. "गेलेजेक." मोठ्या सिस्टरच्या टेबलाकडे बोट. "गेलेजेक." कानाला लावलेला फोन, बायको. "गेलेजेक." जेवणाच्या गाडीचं ढकलणं, झाडूचं फिरणं. "गेलेजेक, गेलेजेक." मग ते बोट मावशींसमोर आलं आणि थांबलं. ते परत घेऊन त्याने स्वतःच्या मिटलेल्या ओठांवर ठेवलं.

मावशींना वाटलं, उठावं. बादली भरावी, खिडकी लावावी. त्या उठल्या नाहीत. त्यांनी मान खाली घातली नाही. तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला आणि त्या त्याला बघू देत राहिल्या.

त्याचा दुसरा हात कठड्यावरून आपोआप सुटल्यासारखा सुटला. तो चादरीवर पडला आणि जरा वेळ तसाच पडून राहिला. मावशींनी तो धरला नाही, कारण धरते असं सांगायला त्यांच्याजवळ शब्द नव्हता. शेवटी तो हातच सरकत आला आणि त्याने मावशींची बोटं घट्ट धरली, पट्टी बदलताना लोखंड धरायचा तशी.

बऱ्याच वेळाने त्याने उशाशी असलेल्या कागदाकडे हनुवटीने खूण केली.

मोठी सिस्टर पेन घेऊन घाईने आली. त्याने सही केली. तिने त्याच्या दंडाला पट्टा बांधला, फुग्यात हवा भरली, काट्याकडे बघत राहिली. मावशींचं लक्षही त्या काट्यावर होतं, त्यांना तो वाचता येत नव्हता तरी.

"जरा वाढलंय," मोठी सिस्टर म्हणाली. "पण चालेल. डॉक्टर घेतील." तिने सुटकेचा श्वास सोडला आणि हळूच मावशींच्या खांद्याला हात लावला. "बघा. एका शब्दाने काम झालं की नाही?"

मोठी सिस्टर ऑपरेशनच्या खोलीला फोन करायला वळली.

मावशींनी पाशाला हिरवा अंगरखा चढवला. बाही घालण्याआधी सांगितलं, नाड्या बांधण्याआधी सांगितलं. त्या सांगतील तसा तो हात उचलत होता. नाड्या बांधून झाल्यावर त्याने मावशींचं मनगट धरलं आणि बोलायला लागला.

तो सावकाश बोलत होता, समोरच्या भिंतीकडे बघत. लांबच लांब वाक्यं होती. त्यांत कुठेही जेक नव्हतं, जाक नव्हतं. मावशींना ओळखीचं असं काहीच त्यात सापडेना, फक्त मधूनमधून कार्देशिम. एकदा त्याने दोन्ही हात मोठ्या चाकावर ठेवल्यासारखे पुढे धरले. एकदा कुणीतरी घोरतंय असा आवाज काढला आणि त्या आवाजावर स्वतःच हसला. हसता हसता त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, ते त्याने खांद्याला पुसलं आणि पुढे बोलत राहिला. पडद्यापलीकडे पेंटर पहिल्यांदाच गप्प झाला होता.

तेवढ्यात ऑपरेशनच्या खोलीकडून चाकांची ट्रॉली आली. ती ढकलणाऱ्याला सगळे वादळ म्हणत, कारण त्याला घाईत कुणी कधी पाहिलं नव्हतं. आज मात्र त्याला वरून तंबी मिळाली असावी. त्याने ट्रॉली धाडकन खाटेला भिडवली आणि पाशाच्या खांद्याखाली हात घालायला वाकला.

"थांब," मावशी म्हणाल्या.

"डॉक्टर थांबलेत तिकडे."

"थांब जरा. बोलतोय तो."

वादळाने पाशाकडे पाहिलं, मग मावशींकडे. "काय बोलतोय?"

"मला नाही कळत."

"मग?"

"मग थांब," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी स्टूल आणखी पुढे ओढलं.